खाली लहान लिही

"काका, तुम्हाला एकदाच मोजता येत नाही का?"

प्रश्न माझा नव्हता, नूपुरचा होता. पण विचारायला तोंड लागतं, आणि त्या वर्षी आम्हा तिघींत ते माझ्याकडेच होतं. पंधरा दिवसांपूर्वी मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. त्याआधीची भाविका गावंडे म्हणजे हजेरी देतानाही ओठांतल्या ओठांत पुटपुटणारी. त्यानंतरची भाविका म्हणजे रस्त्यात म्हैस आडवी आली तरी तिला 'अध्यक्ष महोदय' म्हणून सुरुवात करील अशी. नूपुर आणि शिफानं पैज लावली होती एका पुडी कच्च्या चिवड्याची. चिवडा नसता तरी मी विचारलंच असतं.

शिडीवरचा माणूस हलला नाही. टेपचा पट्टा खिडकीच्या चौकटीत तसाच ताणून धरून म्हणाला, "मले येते. चौकटीले येत नाई."

आम्ही खिदळलो. कळलं कुणालाच नव्हतं.

तेव्हा मी नववीत होते, आता बारावीत आहे. आमच्या शाळेला लागून एक जुनं जिन होतं. कापसातून सरकी काढायचा कारखाना हो, अकोट भागात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वीसेक वर्षं ते बंद होतं, आत फक्त कबुतरं आणि आमचे भुताचे किस्से. त्या वर्षी शाळेनं ते घेतलं आणि तिथं अभ्यासिका व्हायचं ठरलं. जिनाला चौदा खिडक्या, एकेक माणसाहून उंच. सागवानी चौकटी, पण काच म्हणून कधी नव्हतीच, नुसत्या जाळ्या. आर्किटेक्टबाईंनी सांगितलं, चौकटी काढायच्या नाहीत. खाच पाडून त्यातच अखंड काचा बसवायच्या. उजेड भरपूर आणि जुनेपणाही शाबूत.

हे काम आलं लहानूजी खंडारेंकडे. गावातल्या निम्म्या दुकानांच्या काचा त्यांच्याच हातच्या. आम्ही मधल्या सुट्टीत डबा घेऊन जिनाच्या ओट्यावर बसायचो आणि बघायचो, हा माणूस प्रत्येक खिडकी तीनदा मोजतो. वरती एकदा, मधात एकदा, खालती एकदा. शिफा म्हणाली होती, "बिचाऱ्याच्या लक्षात राहत नसेल गं."

"लिहिता येते का तुले?" लहानूकाकांनी वरूनच विचारलं.

"मी वक्तृत्वात पहिली आहे."

"लिहिता येते का म्हटलं. बोलता येते थे तं दिसूनच राह्यलं."

नूपुर इतकी हसली की तिच्या डब्यातली पोळी खाली पडली. मी वही काढली.

नेहमी त्यांची बायको लिहायची. ती लेकीच्या बाळंतपणाला दर्यापूरला गेलेली. "आमच्या मंडळीले काई सांगा लागत नाई," लहानूकाका म्हणाले, "तुले सांगतो. इंचाचे आठ भाग. एका भागाले म्हणते सूत. छत्तीस इंच अन् वर दोन भाग, तं कसं लिहिशीन?"

"छत्तीस, दोन सूत."

"हुशार हायेस. लिही मंग. ही दोन नंबरची खिडकी. वरती छत्तीस दोन सूत. मधात छत्तीस पुरे. खालती छत्तीस चार सूत. अन् खाली लहान लिही."

आता इथं नीट ऐका. त्या माणसाचं नाव लहानू. घरी, गल्लीत, बाजारात त्यांना म्हाताऱ्या बायका 'अरे लहान' अशीच हाक मारत. मला वाटलं, नाव लिहायला सांगतायत. चित्रकार नाही का कोपऱ्यात सही करत! मी तीन आकड्यांखाली झोकात लिहिलं : लहानू.

मग पहिल्या खिडकीलाही तेच. तीन आकडे, "अन् खाली लहान." तिसरीलाही. मनात म्हटलं, माणूस कामाचा अभिमानी आहे बरं. चौदा खिडक्या, चौदा सह्या.

दोन दिवस मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावरचा तास असं आम्ही काम केलं. मला ते आवडायला लागलं होतं. लहानूकाका चौकटीवर तळहात फिरवत आणि सांगत, "हे लाकूड तुह्या आजोबाहून मोठं. बसलं थोडं. एकीकडं पोट काढलं, एकीकडं आत गेलं. माणसासारखंच."

"मग सरळ काच कशी बसणार?"

"बसवा लागते. अन् ही साधी काच नाई. मापात कापून मंग भट्टीत टाकते. एकडाव भट्टीतून निंघाली का कोणाचंच आयकत नाई. कापाले गेलं तं ज्वारीच्या दाण्यावानी सांडते सारी. म्हून लिहिनारनं चोख लिहिलं पायजे."

"चोखच आहे," मी म्हटलं आणि वही उंच धरून दाखवली. त्यांनी शिडीवरूनच मान डोलावली. चष्मा खिशात होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दर्यापूरहून फोन आला : नातू झाला. लहानूकाका पायजम्याची धूळ झटकत निघाले. जाता जाता म्हणाले, "पोरी, ऑफिसातून फारम आणजो. साफ अक्षरात उतरवून सकाळी बाबूजवळ देजो. थो अकोल्याच्या कारखान्यात पाठवते. जमते ना?"

"जमतं म्हणजे काय!"

फॉर्म घेऊन मी घरी आले आणि थबकले. फॉर्मवर होतं : खिडकी क्रमांक, रुंदी, उंची. उंचीचं ठीक होतं, ती काकांनी सगळ्या खिडक्यांची एकच सांगितली होती. पण रुंदीचा रकाना एक, आणि माझ्याजवळ रुंदी तीन.

माझे बाबा आमच्याच शाळेत गणित शिकवतात. शाळेत 'सर', घरी 'बाबा'; चुकून उलट झालं की वर्ग आठवडाभर चिडवतो. त्याच आठवड्यात सरांनी आम्हाला सांख्यिकी शिकवली होती. अनेक निरीक्षणं असतील आणि त्यांचा प्रतिनिधी एकच आकडा हवा असेल तर काय काढायचं? मध्य. म्हणजे आपली सरासरी. फळ्यावरचं ते वाक्य माझ्या डोळ्यांसमोर लखकन चमकलं.

छत्तीस दोन सूत, छत्तीस, छत्तीस चार सूत. बेरीज भागिले तीन. छत्तीस इंच दोन सूत. इतकं सुंदर उत्तर आलं की मी उडीच मारली. चौदाही खिडक्या केल्या आणि वही बाबांपुढं ठेवली.

बाबांनी पेन्सिलीनं एकेक बेरीज तपासली. "सूताचे अपूर्णांक बरोबर सांभाळलेस," ते म्हणाले. "मंगले, बघ. तुझी लेक सांख्यिकी व्यवहारात वापरायला लागली."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मग आता व्यवहारात पानं घ्यायला सांगा तिला."

काचा आल्या तीन आठवड्यांनी. ट्रक जिनाच्या फाटकात उलटा लावला होता. लाकडी सांगाड्यांत उभ्या केलेल्या काचा, मधे बुचाचे तुकडे. मुख्याध्यापिका, संस्थेचे सेक्रेटरी उमाळेसाहेब, शिक्षक, सगळे हजर. आठ दिवसांवर उद्घाटन. लहानूकाका धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांच्यासोबत त्यांचा भाऊ आणि भाचा, हातात काच धरायचे रबरी कप.

पहिली काच खिडकीत गेली ती पाण्यात मासा सुटावा तशी. टाळ्या झाल्या. मी नूपुरला कोपर मारलं, "माझी आहे."

दुसरी गेलीच नाही.

खालून आत गेली आणि मधे टेकली. लहानूकाकांनी ती बाहेर काढली, चौकट झटकली, पुन्हा लावली. टेकली. त्यांनी ती हलकेच भिंतीशी उभी करवली आणि म्हणाले, "तिसरी आना."

तिसरीही टेकली. चौथी गेली. पाचवी टेकली. जेवणाची सुट्टी होईपर्यंत हिशोब लागला : चौदातल्या पाच बसल्या, नऊ नाही. नऊ काचा भिंतीला टेकून उभ्या आणि त्यांत आमचेच चेहरे.

"कारखान्यानं घोळ घातला," बाबू म्हणाला. फोन लागला. कारखान्यानं फॉर्मचा फोटोच पाठवला. फॉर्मवर जे, तेच काचेवर. केसभर फरक नाही.

"मग?" उमाळेसाहेब म्हणाले.

मी वही काढली. शपथ सांगते, मला अजून काहीच कळलेलं नव्हतं. लहानूकाकांनी दुसऱ्या खिडकीवर पुन्हा टेप लावला. "वाच बरं, मधात किती?"

"छत्तीस."

"वहीत?"

"छत्तीस."

"मले बी छत्तीसच दिसून राह्यले." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "मंग काच सव्वाछत्तीसची कशी आली?"

काचेचं ते माप बरोबरच होतं की! सव्वाछत्तीस म्हणजे छत्तीस दोन सूत. मी काढलेलं, बाबांनी तपासलेलं. मग चुकलं कुठं? खिडकी बरोबर, वही बरोबर, गणित बरोबर, काच बरोबर. सगळं बरोबर असून काच बाहेर. डोक्यात नुसता भुसा झाला. मी गर्दीत बाबांना शोधलं. ते छताकडे बघत होते. आधी वाटलं, कबुतरं बघतायत.

"लहानूजी, वय काय तुमचं?" उमाळेसाहेबांनी विचारलं.

"सदुसष्ट."

"हं."

त्या 'हं'मधे काय होतं ते तिथं उभ्या सगळ्यांना कळलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "साहेब, वही या मुलीनं लिहिली आहे, तिलाही विचारून—"

"नाई, म्याडम." लहानूकाका मधेच बोलले. "पोरीनं वहीत अन् फारमावर मी सांगितलं थेच उतरवलं. अक्षर पाहा, मोती हाये. माह्याच तोंडून भलतं गेलं असंन. नातवाचा फोन येनार होता, ध्यान नसंन माह्यं." मग उमाळेसाहेबांकडे वळून, "साहेब, चौकटीची खाच दोन-दोन सूत खोल करतो. माह्यी पटाशी हाये. चार दिवस द्या. काच वाया जात नाई, चौकट खराब होत नाई."

"ज्याला मोजता येत नाही त्याच्या हाती शंभर वर्षांच्या चौकटीवर पटाशी देऊ?"

उमाळेसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

"उद्या अकराला मीटिंग. अकोल्याची पार्टी बोलावतो. तुम्ही थांबा आता, लहानूजी. खूप केलंत."

लहानूकाका खिडकीपाशी गेले. चौकटीवर तळहात ठेवून उभे राहिले. मी जवळ गेले. वक्तृत्वातली पहिली! आणि तोंडून निघालं एवढंच, "काका, पाणी आणू?"

"चाळीस वर्सं झाली," ते माझ्याशी नाही, चौकटीशी बोलत होते. "डोये जाते थे समजते माणसाले. पण जे दिसते थे खोटं दिसून राह्यलं, हे कसं समजावं?" मग माझ्याकडे बघून हसले. "जाय, तुह्यी घंटी झाली. मी आता घरीच बसतो. नातवाले खेळवतो."

घरी आले तरी डोकं तसंच. जेवले नाही. नूपुरचा फोन आला, मी घेतला नाही. बाबा आल्या आल्या मी वही त्यांच्यापुढं टाकली. "पुन्हा तपासा."

त्यांनी तपासली. या वेळी पेन्सिल न घेता, नुसत्या नजरेनं. "बरोबर आहेत."

"मग?"

"मग काय. काम जुनं, लाकूड फुगतं. होतं असं." आणि ते पेपर तपासायला बसले. गठ्ठ्यातला पहिलाच पेपर किती वेळ त्यांच्या हातात होता.

आईला कशाचं काहीच नव्हतं. परवा मावशीकडे डोहाळजेवण होतं, आणि ती माझ्यासाठी बांगड्या घेऊन आली होती. काचेच्या, मोरपंखी. "इकडे ये. मूठ आवळ. अंगठा आत घे."

"आई, आत्ता नको ना."

"परवा ऐनवेळी नाचशील. आवळ म्हणते ना."

साबणाच्या पाण्यात बुडवलेला हात, आईचा जोर, आणि माझं बोंबलणं. एक बांगडी गेली एकदाची आणि मनगटावर घरंगळली. मी चिडून म्हटलं, "बघ, इथं केवढी सैल होतेय! उगाच मोठी आणलीस."

"मनगटाचं काय घेऊन बसली? मुठीवरून पार व्हायला पाहिजे. जिथं अडते तिथलं माप घ्यायचं असतं, एवढी घोडी झाली तरी कळत नाही?"

"मग मूठ आणि मनगट मिळून सरासरी काढायची," मी सवयीनं बोलून गेले.

"काढ आणि कासाराला सांग. हाकलून देईल. सरासरीची बांगडी कुणाच्याच हातात जायची नाही, फुटेल."

ती हे बोलली आणि दुसरी बांगडी घ्यायला वळली. माझी मूठ तशीच आवळलेली राहिली.

जिथं अडते तिथलं माप.

मी ओल्या हातानंच वही ओढली. दुसरी खिडकी. वरती छत्तीस दोन सूत, मधात छत्तीस, खालती छत्तीस चार सूत. खाली माझ्या मोत्यासारख्या अक्षरात : लहानू. पान उलटलं. तीन आकडे, लहानू. पुढचं. तीन आकडे, लहानू. मी ते वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं, त्यांच्याच आवाजात, शिडीवरून यायचं तसं. "अन् खाली लहान लिही."

तीन मापांतलं लहान.

त्यांची बायको लिहायची. तिला सांगावं लागत नव्हतं. मला सांगितलं होतं, चौदा वेळा.

ज्या पाच काचा बसल्या, त्या खिडक्या तेवढ्या सरळ होत्या. तिथं तिन्ही मापं जवळपास एकच, आणि मी मारलेल्या कोपराला काही अर्थच नव्हता.

"बाबा," मी म्हटलं. "मी त्यांचं नाव लिहिलं."

"काय?"

मी सांगितलं. सांगताना मधेच हसूही आलं, खरंच, कारण चौदा सह्या! आणि मग रडू आलं आणि कुठलं कुठं संपलं आणि कुठलं कुठं सुरू झालं ते मलाच कळेना. आई बांगड्या हातात घेऊन दारात उभी होती.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. हळूच, टक् आवाज होईपर्यंत.

"मला दुपारीच कळलं," ते म्हणाले. "काच मधे टेकली तेव्हा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आकडे मी तपासले होते, भाविका. बेरजा तपासल्या. हे कशासाठी काढतेयस, हे नाही विचारलं." त्यांनी पेन गठ्ठ्यावर ठेवलं. "गणिताच्या शिक्षकानं."

आई म्हणाली, "आणि जूनमधे उमाळे पर्यवेक्षकाची जागा भरणार आहेत."

"ते नको मधे आणू."

"मी नाही आणत. ते आधीच मधे आहे, म्हणून तुम्ही दुपारपासून तोंड शिवलंय."

बाबा उठले, खिडकीशी गेले, परत आले. "हे बघ, बेटा. उमाळेंनी ठरवून टाकलंय. अकोल्याचे लोक येतील, नव्यानं मापं घेतील, होईल सगळं. लहानूजींचं वय झालंच आहे. त्यांनी स्वतःच तुला वाचवलं ना सगळ्यांसमोर? तू नववीतली मुलगी. तुला कोण काय म्हणणार? पण उगाच…"

"त्यांना वाटतंय त्यांचे डोळे गेले."

"भाविका…"

"बाबा, त्यांना दिसतंय ते खोटं वाटतंय. त्यांना सगळं बरोबर दिसतंय आणि ते म्हणतात, मी घरी बसतो. मला छत्तीस दिसतं, त्यांनाही छत्तीसच दिसतं, आणि ते माझ्या छत्तीसवर विश्वास ठेवतात, स्वतःच्या नाही!"

मी ओरडत होते. शेजारच्या काकूंच्या घरातला टीव्ही बारीक झाला.

आईनं बांगड्या टेबलावर ठेवल्या. ती कुणाच्या बाजूनं होती हे मला त्या क्षणी कळेना, आणि खरं सांगायचं तर तिलाही कळत नसावं. बाबा खाली बसले. इतके दमलेले मी त्यांना वार्षिक परीक्षेच्या निकालातही पाहिले नव्हते. माझी फार घालमेल झाली. मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती आणि त्यांच्यावर ओरडावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदमच. स्पर्धेत विषय असतो, वेळ असतो, बाजू असते. समोर एक पाण्याचा ग्लास ठेवलेला असतो. इथं माझ्या हातात नुसती वही.

मी डोळे पुसले. ओल्या हातानं पुसले, साबण गेला डोळ्यांत, आणखी चुरचुरलं.

"मी उद्या अकराच्या मीटिंगला जाणार आहे," मी म्हटलं. "त्याआधी सकाळी काकांच्या घरी जाणार, त्यांना वही दाखवणार. त्यांचे डोळे ठणठणीत आहेत हे आधी त्यांना कळायला पाहिजे, उमाळेसाहेबांना नंतर. मग मीटिंगमधे सांगणार की मला 'लहान' म्हणजे काय ते कळलं नाही आणि मी न विचारता सरासरी काढली. खाच खोल करायचं काम काकांनाच द्या, हेही सांगणार."

"आणि त्यांनी विचारलं, आकडे कुणी तपासले?" बाबा म्हणाले.

"तर मी गप्प राहणार, बाबा. तुम्ही असालच तिथं. तुमचं तुम्ही सांगा."